चवीपुरती मशेरी

पनवेलला दवाखाना टाकला तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. डोक्यावर भरपूर केस होते आणि नाकावर त्याहून भरपूर राग. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जुन्या गावात तळ्याजवळ दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. पुढच्या खोलीत बाकडं, आतल्या खोलीत खुर्ची, मागे मोरी आणि मागचं दार. दातांचा डॉक्टर म्हणजे दुखणारा दात उपटून देणारा माणूस, यापलीकडे लोकांची माझ्याकडून काही अपेक्षा नव्हती. माझ्या मात्र लोकांकडून भयंकर अपेक्षा होत्या.

कारण तोंडं बघून डोकं फिरायचं. हायवेला ट्रक उभा करून ड्रायव्हर यायचा, त्याच्या गालात तंबाखूची गोळी. एसटीचा एक कंडक्टर यायचा, सुपारी खाऊन खाऊन त्याचा जबडा इतका आखडला होता की तोंडात दोन बोटं शिरत नव्हती. वीटभट्टीवरचे मजूर विडी विझवून कानावर ठेवायचे आणि मग खुर्चीत बसायचे. टपऱ्यांवर गुटख्याच्या पुड्यांच्या माळा त्याच वर्षांत लोंबायला लागल्या होत्या. मी सगळ्यांना झापायचो. ते हो हो म्हणायचे, दात काढून घ्यायचे आणि माझ्याच पायरीवर उभं राहून पुडी फाडायचे. काय बोलणार! कॅन्सर म्हणजे कपाळावर लिहून आलेली गोष्ट, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. अरे, कपाळावर कुठला? तुम्ही रोज स्वतःच्या हाताने गालात भरताय तो!

आणि बायका? बायकांची मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची, डबीत भरून कमरेला खोचायची. सकाळी उठल्या उठल्या ती बोटाने दातांना लावायची, मग चहानंतर, जेवणानंतर, काम संपलं म्हणून, काम सुरू करायचंय म्हणून. पुरुषांचं व्यसन निदान व्यसन म्हणून ओळखलं तरी जायचं. मशेरीला कुणी व्यसन म्हणतच नव्हतं. ते दात घासणं होतं.

दवाखाना झाडायला आणि हत्यारं धुवायला माझ्याकडे एक मावशी होती. उरण रस्त्यावरच्या एका खाडीकाठच्या गावातली. उमेदीची वर्षं तिने मिठागरात काढली होती. नवरा वारला, मिठागर बंद पडलं, शेताची जमीन सरकारात गेली, आणि पन्नाशीच्या आसपास ही बाई रोज बसने पनवेलला येऊन माझी मोरी घासायला लागली. काळीसावळी, उभ्या बांध्याची, आवाज असा की बाहेरच्या बाकड्यावरचं रडणारं पोर एका हाकेत गप्प. महिन्याभरात ती माझ्या शेजारी टॉर्च धरून उभी राहायला लागली. पेशंटने तोंड उघडायला आढेवेढे घेतले की मी काही बोलायच्या आत तिचा हुकूम सुटायचा, "आ कर!" आणि माणूस आ करायचा. अहो, मला सात वर्षं शिकून जे जमलं नाही ते या बाईला दोन शब्दांत जमत होतं.

मशेरी मावशीही लावायची, हे सांगायला नकोच. दवाखान्यात तिला मी बंदी केली होती, म्हणून ती मागच्या दाराशी जाऊन लावायची. तिच्या उजव्या हाताच्या बोटाचं टोक कायमचं काळं होतं. मी बडबडलो की ती ओठ मागे ओढून मला बत्तिशी दाखवायची.

"बघा. एक तरी किडलाय काय? तुमच्या त्या टुथपेष्टवाल्या बायांचे दात बघा आन माझे बघा."

दात खरंच दणकट होते, हे माझं दुर्दैव.

एका दुपारी पेशंट नव्हते. ती टॉर्चचे सेल बदलत होती. मी म्हटलं, "बसा खुर्चीत. एवढी बत्तिशी मिरवता, एकदा नीट बघू तर द्या." ती हसत हसत बसली. मी खालचा ओठ बाजूला केला आणि माझं हसू तिथेच थांबलं. ओठ आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत, ती मशेरी दाबून ठेवायची नेमक्या त्याच जागी, पांढरा खरखरीत चट्टा होता. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. पुसून जात नव्हता.

मी काय करायला हवं होतं? शांतपणे समजवायला हवं होतं. मी ओरडलो. भीती वाटली की मी ओरडतो, हा माझा जुना रोग आहे. मी तिला काय काय बोललो ते आठवूनही लाज वाटते. ती आरशात चट्टा बघत राहिली. नंतर एवढंच म्हणाली, "दुखत तर काय नाय."

तेच तर! दुखत नाही म्हणून तर माणसं मरतात.

चट्ट्याचा तुकडा काढून मी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस गेले. त्या दिवसांत ती एकही खाडा न करता येत होती आणि मीच तिच्या नजरेला नजर देत नव्हतो. रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. होऊ शकेल असा चट्टा होता, आणि मशेरी सुटली तर मावळूही शकेल असा. मी तिला समोर बसवलं आणि सांगितलं, "मावशी, अजून तरी काही नाही. पण हे 'अजून तरी' आहे, लक्षात घ्या. आजपासून मशेरी बंद."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "आन तुमचं काय?"

"माझं काय?"

"दात उपटला की तुमी मागल्या दारी जाता. मी काय आंधळी हाय?"

आता सांगायलाच हवं. मी सिगरेट ओढायचो. कॉलेजात लागलेली, दिवसाला आठ-दहा. दात काढताना हात कापू नये म्हणून ओढतो, असं मी स्वतःला सांगायचो. पेशंटांना झापायचं आणि मागच्या दाराशी जाऊन धूर सोडायचा, हा माझा नित्यक्रम. एकाच दाराशी ती मशेरी लावायची आणि मी सिगरेट ओढायचो, पाळीपाळीने. आणि उपदेश मात्र मीच करायचो!

"तुमी सोडा, मी सोडते," ती म्हणाली. "नायतर तुमी पन मला बोलायचं नाय."

सौदा ठरला. देवाच्या फोटोसमोर तिने कमरेची डबी काढून दिली, मी खिशातलं पाकीट आणि काडेपेटी दिली. दोन्ही हत्यारांच्या कपाटाच्या खालच्या खणात गेली. खणाला कुलूप लागलं आणि किल्ली तिने स्वतःच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकवली. माझ्या दवाखान्यात, माझ्या कपाटाची किल्ली! पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, हे खरं.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मशेरीशिवाय पोट साफ होईना. डोकं ठणकायचं. हात सवयीने कमरेकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. एकदा तिने मला चक्क चुकीचं हत्यार दिलं आणि मी वर बघितलं तर बाईच्या डोळ्यांत पाणी. "काय नाय, काय नाय," म्हणत तिने पदराने तोंड पुसलं आणि टॉर्च परत नीट धरला. बडीशेप चघळायची, लवंग चघळायची, आणि फारच झालं तर मोरी घासायला घ्यायची. माझी मोरी त्या महिन्यात इतकी चकचकीत होती की तिथे पान मांडून जेवावं. बाईच्या अंगात काय जिद्द असते ते मी तेव्हा बघितलं, आणि मनातल्या मनात रोज तिला नमस्कार केला.

आणि मी? मी पहिले बारा दिवस पाळले. तेराव्या दिवशी एका म्हाताऱ्याची दाढ काढताना मूळ आत तुटलं, पाऊण तास गेला, आणि संध्याकाळी पांढरा डगला न काढताच घरी जाताना मी एसटी स्टँडजवळच्या टपरीवर स्कूटर थांबवली. एकच, म्हटलं. दुसऱ्या दिवशीही एकच. मग स्कूटरच्या डिकीत पाकीट राहायला लागलं. दवाखान्यात ओढत नाही ना, मग सौदा मोडला कुठे, असा माझा वकिली हिशोब. तिच्यासमोर मात्र मी रोज विचारायचो, "काय मावशी, लावली तर नाही ना?" लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

तीन महिन्यांनी मी पुन्हा तिचा ओठ बाजूला केला. चट्टा होता तिथेच होता. थोडा फिकट, पण होता. मशेरी पूर्ण सुटली असती तर एवढ्यात मावळायला हवा होता. माझा पारा चढला.

"खोटं बोलताय तुम्ही!"

"देवाशपथ नाय लावत."

"मग हा काय आकाशातून पडला? तोंड खोटं बोलत नाही मावशी, माणूस बोलतो!"

ती उठली. टॉर्च जागेवर ठेवला, पिशवी उचलली आणि बस पकडायला निघून गेली. इतक्या दिवसांत ती वेळेआधी गेली असं एकदाच झालं, ते त्या दिवशी.

दुसरा दिवस रविवार होता. मला घरी चैन पडेना. रिपोर्टातले शब्द डोक्यात फिरत होते. चट्टा बदलला तर? पुढच्या वेळी 'अजून तरी' म्हणता आलं नाही तर? मी स्कूटर काढली आणि उरण रस्त्याला लागलो. तिचं घर मी कधी बघितलं नव्हतं, पण गावाच्या वेशीवर नुसतं 'दाताच्या दवाखान्यातली मावशी' म्हटल्यावर एक पोरगी पुढे पळत सुटली. घर ओळखायला तिची गरजच पडली नाही. गल्लीच्या तोंडाशीच मला असा ठसका लागला की डोळ्यांतून धारा लागल्या. तंबाखू भाजत होती.

परसात चूल पेटलेली, चुलीवर मोठा काळा तवा, आणि तव्यासमोर नाकाला पदर बांधून आमची मावशी. भोवती सात-आठ बाया आपापल्या तंबाखूच्या पुड्या घेऊन बसलेल्या. त्यांत तिची सूनही होती, पोटुशी, सातवा-आठवा महिना असेल. मी फाटकाशीच उभा राहिलो. मावशीने उलथन्याने पानं परतली, धूर जरा बसू दिला, तव्याच्या कडेची चिमूट बोटावर घेतली, फुंकली, आणि खालचा ओठ पुढे ओढून नेमकी त्या खाचेत दाबली. डोळे मिटून क्षणभर थांबली. "अजून कच्ची हाय," म्हणाली आणि थुंकून परत परतायला लागली.

"मावशी!" मी असा ओरडलो की दोन कोंबड्या उडाल्या.

ती दचकली, पण चोरी पकडलेल्या माणसासारखी नाही. पाहुणा अवचित आला म्हणून दचकावं तशी. "डाक्टर? या या. बसा. तुमी एवढ्या लांब?"

"आत्ता काय केलंत तुम्ही?"

"काय केलं?"

"ओठात काय घातलंत?"

"अवो, ती चव हाय!" ती खरोखर चकित झाली होती. "चाखल्याबगर कळल कशी, झाली का नाय ती? आख्ख्या आळीची मशेरी मी भाजते, पंधरा वर्सं झाली. कच्ची ऱ्हायली तर तोंड भाजतं, करपली तर माती होते. लावायची सोडली मी. ही लावत नाय, ही नुसती चव बघते."

बाया माना हलवत होत्या. बरोबरच आहे, चव बघणं म्हणजे काय लावणं का? आमटीत मीठ बघितलं म्हणून कुणी जेवला असं होतं का?

मला हसावं की रडावं कळेना. दर रविवारी, सात-आठ तवे, दर तव्याला दोन-तीन चिमटी, त्याच एका जागी. आणि वर तो धूर. बाई पूर्ण खरं बोलत होती. एकदाही तिने मशेरी 'लावली' नव्हती. आणि मी तिला खोटारडी म्हणालो होतो. मी जवळ गेलो आणि एवढंच म्हणालो, "मावशी, त्या चट्ट्याला चव आणि लावणं यातलं काही कळत नाही हो. त्याला दोन्ही सारखंच."

तव्यावरची पानं करपायला लागली होती, तरी तिने हात लावला नाही. मग तिने सुनेकडे बघितलं. सुनेच्याही हातात डबी होती.

हे सोडणं किती अवघड होतं ते पनवेलमध्ये खुर्चीशेजारी उभं राहून मला कधी कळलं नसतं. तिथे चुलीपाशी कळलं. नवऱ्यामागे, जमिनीमागे, मिठागरामागे त्या आळीत तिचा मान कशामुळे राहिला होता? त्या तव्यामुळे. लग्न असो, बारसं असो, बायांसमोर तिच्या हातची मशेरी ठेवली की बाया खूश. तिच्या घरी रविवारी माणसं यायची ती या धुरासाठी.

ती उठली. पदर नाकावरून खाली घेतला. फडक्याने तवा धरला आणि सगळी मशेरी, स्वतःची नाही, बायांची, राखेत उपडी केली. एक बाई किंचाळलीच. "अगो, येडी झालीस काय! माझी तंबाखू होती ती!"

"व्हती," मावशी म्हणाली. "माझ्या तोंडात चट्टा हाय. कॅन्सर व्हनार हाय त्याचा. तुमच्या तोंडात हाय का नाय ते तुमाला मायीत नाय. हे डाक्टर बघा. एवढं शिकलेला मानूस, मी सोडावी म्हनून त्यांनी सोतःची शिगरेट सोडली. तीन मयने झाले, हात लावला नाय. आन मी हितं चव बघत बसते! आजपास्नं ह्या तव्यावर फकस्त भाकऱ्या व्हतील. ज्याला यायचं त्याने भाकरी खायाला या."

सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. कौतुकाने. एकीने तर हात जोडले. आणि माझी स्कूटर फाटकाशी उभी होती, डिकीत अर्धं पाकीट. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला आयुष्यात त्या एकाच सकाळी वाटलंय. तिने तवा राखेने घासला, परत चुलीवर चढवला आणि पहिली तांदळाची भाकरी मला वाढली. भाकरीला तंबाखूचा वास येत होता. मी ती मान खाली घालून सगळी खाल्ली.

परतताना खाडीच्या पुलावर थांबून पाकीट पाण्यात टाकलं. पण टाकून मन हलकं झालं नाही. सोमवारी सकाळी ती हजर, नेहमीसारखी. पेशंट यायच्या आत मी म्हटलं, "मावशी, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. मी सिगरेट..."

"मला मायीत हाय," ती म्हणाली. हातातला झाडू थांबला नाही.

"काय माहीत आहे?"

"तुमचे डगले कोन धुतं? मीच ना? खिशात काड्या असतात. कॉलरीला वास असतो. दुसऱ्या मयन्यापास्नं येतोय."

"मग काल सगळ्यांसमोर तसं का बोललात?"

आता झाडू थांबला. "मंग काय बोलू? डाक्टर खोटा हाय, बोलू? बायांनी ऐकलं असतं माझं? आन एवढ्या बायांसमोर बोलल्यावर तुमाला आता सोडाया लागंल का नाय? परत वढलीत तर कुठल्या तोंडाने येनार आमच्या आळीत?"

"आणि तुम्ही? मी खोटा आहे हे माहीत असून तुम्ही का पाळलंत?"

"तुमचं तोंड तुमच्यापाशी," ती म्हणाली. "चट्टा माझ्या तोंडात हाय."

एवढं बोलून ती मोरीकडे गेली, हात साबणाने धुतले, पदराला पुसले आणि टॉर्च आणि गाल बाजूला धरायचा चमचा घेऊन आली.

"बसा."

"कुठे?"

"खुर्चीत. तुमचं कोनी बघितलंय काय कवा?"

कुणीच बघितलं नव्हतं. शेकडो तोंडं बघितलेल्या माझं तोंड कुणी, कधी बघितलं नव्हतं. मी स्वतःही नाही. आरशासमोर मी रोज दाढी करायचो आणि ओठ मिटून करायचो, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं.

मी बसलो. त्या खुर्चीतून छत केवढं उंच दिसतं आणि त्याला केवढा तडा आहे ते मला माहीतच नव्हतं. "आ करा," ती म्हणाली. मी आ केला. टॉर्चचा उजेड डोळ्यांवरून खाली सरकला. तिने चमच्याने डावा गाल बाजूला केला, मग उजवा, मग जीभ वर करायला लावली, मग खालचा ओठ, मी करायचो अगदी त्याच क्रमाने. उजव्या गालापाशी ती परत गेली. पुन्हा बघितलं. तिचे डोळे बारीक झाले. माझे हात खुर्चीवर घामाने ओले झाले होते, आणि विचारायचं म्हटलं तर तोंडात चमचा.

शेवटी तिने चमचा काढला, टॉर्च विझवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अजून तरी काय नाय," ती म्हणाली.